डिस्पोजलचा लष्करी ट्रक आडरानात : लोखंड का तुटते?

लष्कराने बाद केलेला ट्रक लिलावात घ्यायचा, गॅरेजमध्ये नीट करून घ्यायचा आणि खाणीवर, जंगलात, बोअरच्या किंवा पाण्याच्या टँकरच्या धंद्यावर लावायचा, हा व्यवसाय आपल्या देशात जुना आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर परक्या फौजांनी मागे ठेवलेले फोर्ड, शेव्हरोले आणि डॉज ट्रक लिलावात निघाले. तेव्हापासून ‘डिस्पोजलची गाडी’ हा शब्द बाजारात रुळला. पुढे जबलपूरला बनलेला शक्तिमान आला आणि आता त्याच्या जागी आलेले स्टॅलियनही बाद होऊन बाहेर पडू लागले आहेत. आम्ही कापडाचे व्यापारी, पण ताडपत्री आणि कॅनव्हासच्या निमित्ताने ट्रकमालक, ड्रायव्हर आणि गॅरेजवाले यांच्याशी आमचा कायम संबंध येतो. त्यांच्यातील जाणत्या उस्तादांकडून जे समजले आणि तपासून पाहिले, ते येथे मांडत आहोत.

मालकाला विचारा, एक्सल का तुटला? उत्तर ठरलेले असते : गाडी जुनी होती. ड्रायव्हरला विचारा, तो म्हणेल, रस्ता खराब होता. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील, पण त्या कारण नव्हेत. ही गाडी खराब रस्त्यासाठीच बनलेली आहे. मोडते ती बहुधा एकाच कारणाने. जोराला निसटायला जागा मिळत नाही, तेव्हा तो लोखंडातून वाट काढतो. हे एक सूत्र ध्यानात आले की पुढच्या साऱ्या सूचना पाठ करण्याची गरज उरत नाही.

मालेगाव-भिवंडीच्या वाचकांना हे सूत्र नवे नाही. सैल फणीच्या लूमवर धोटा मध्येच अडकला तर फणी मागे सरते आणि ताण्याचे धागे वाचतात. फणी जर त्या वेळी मागे सरलीच नाही तर शेकडो धागे एका दमात तुटतात. लूम बनवणाऱ्याने फणी सैल ठेवली ती हिकमतीने. ट्रक बनवणाऱ्यानेही जागोजागी अशीच सोय ठेवलेली असते. आपण ती सोय बंद करतो आणि मग नशिबाला दोष देतो.

गाडी कोणती, ओझे किती

शक्तिमान हा जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला बनू लागला. १९९६ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. फौजेत त्याला ‘थ्री-टनर’ म्हणत. मेघालयाच्या डोंगरात कोळसा, दगड आणि लाकूड वाहणारे शक्तिमान फार प्रसिद्ध आहेत. त्यानंतरचा अशोक लेलँडचा स्टॅलियन लष्करी कागदावर ‘५ / ७.५ टन’ असा लिहिला जातो. याचा अर्थ व्यापाऱ्याने नीट समजून घ्यावा. पक्क्या रस्त्यावर साडेसात टन, आडरानात पाच टन. गाडी तीच, चाके तीच, तरी ओझे एक तृतीयांशाने कमी. कारण खड्ड्यात चाक आदळते तेव्हा पाट्यांवर आणि एक्सलवर येणारा भार ठेवलेल्या वजनापेक्षा पुष्कळ जास्त असतो. ती जागा त्या धक्क्यासाठी रिकामी ठेवलेली असते. ती आपण मालाने भरली तर धक्का जाणार कुठे?

पाण्याच्या टँकरचा हिशेब तर अगदी सोपा आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाच हजार लिटरची टाकी म्हणजे पाच टन पाणी, वर टाकीच्या पत्र्याचे वजन वेगळे. ही टाकी थ्री-टनरवर चढवून खाणीच्या चढावर नेणारे लोक आहेत. गाडी चढते, म्हणून त्यांना वाटते की जमले. पण इंजिनला ओढता येणे आणि चेसीला सोसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फोर-व्हीलचा दांडा केव्हा ओढावा

ज्या ट्रकमध्ये पुढचा एक्सल दांड्याने जोडला जातो, त्यांत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकदा जोडला की दोघांना सारख्याच फेऱ्या घ्याव्या लागतात. पण वळणावर पुढची चाके जास्त अंतर कापतात. समजा, पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये ४ मीटरचे अंतर आहे आणि मागचा एक्सल १० मीटरच्या त्रिज्येने काटकोनात वळला. मागचा एक्सल १५.७ मीटर चालला, तर पुढचा सुमारे १६.९ मीटर. फरक १.२ मीटर. चाकाचा घेर साडेतीन मीटर धरला तर ही चाकाची एक तृतीयांश फेरी झाली. एक्सलमधील क्राउन-पिनियनचे प्रमाण ६ धरले तर शाफ्टच्या हिशेबाने फरक दोन फेऱ्यांचा होतो.

या दोन फेऱ्या गेल्या कुठे? चिखलात किंवा वाळूत चाक थोडे घसरते आणि हिशेब चुकता होतो. पण डांबरावर, सिमेंटवर किंवा सुक्या कातळावर चाक घसरत नाही. मग शाफ्टला पीळ पडतो, जसा सूत जास्त कातले की त्याला पीळ चढतो. क्रॉस, ट्रान्सफर केसचे दात, एक्सल, यांपैकी जो दुबळा असेल तो मोडतो.

सरळ रस्त्यावरही हेच घडते, जर टायर सारखे नसतील. पुढे नवे टायर आणि मागे झिजलेले, आणि घेरात शंभरात एकाचा फरक असला, तर एका किलोमीटरला १० मीटरचा फरक पडतो. म्हणजे चाकाच्या जवळजवळ तीन फेऱ्या. म्हणून चारही बाजूंना एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले टायर असावेत. ज्याला दोनच नवे टायर परवडतात, त्याने निदान पक्क्या रस्त्यावर फोर-व्हील लावू नये.

नियम असा : जमीन सैल दिसली की तिच्यात शिरण्यापूर्वी दांडा ओढावा आणि पक्का रस्ता लागताच सोडावा. चाक फिरत असताना, गाडी रुतल्यावर दांडा ओढू नये. फिरणारे दात थांबलेल्या दातांवर आदळतात. दांडा निघत नसेल तर समजावे की आत पीळ चढला आहे. हातोडीने ठोकू नये, दोघांनी मिळून ओढू नये. गाडी सरळ रेषेत काही फूट मागे घ्यावी, पीळ उतरतो आणि दांडा आपोआप सैल होतो. लो गिअरसाठीही गाडी पूर्ण थांबवूनच दांडा बदलावा, गाडीच्या पुस्तकात दुसरे काही लिहिले नसेल तर.

डिफरन्शियलचा लॉक आणि झटका

एका बाजूचे चाक हवेत गेले की डिफरन्शियल सारी फिरकी त्या मोकळ्या चाकाला देतो आणि जमिनीवरचे चाक उभे राहते. यावर उपाय म्हणून काही लष्करी ट्रकांना लॉक असतो. लॉक लावला की दोन्ही चाके एकत्र फिरतात. सोय चांगली, पण धोका इथेच आहे.

इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोहोचताना गुणला जातो. समजा पहिला गिअर ६ पट, ट्रान्सफर केसचा लो २ पट, क्राउन-पिनियन ६ पट. सहा दुणे बारा, बारा सक बहात्तर. इंजिनाच्या जोराचे बहात्तर पट! साधारण वेळी हा जोर चार चाकांत वाटला जातो. पण लॉक लावलेला असेल आणि पकड एकाच चाकाला असेल, तर त्या एक्सलच्या वाट्याचा सगळा जोर एकाच हाफ-एक्सलमधून जातो. त्यात ड्रायव्हरने अॅक्सिलरेटर दाबून धरला, चाक जोरात फिरले आणि अचानक खडकाची पकड मिळाली, तर एवढ्या वजनाच्या चाकाची फिरकी क्षणात थांबते. त्या झटक्याला चांगला एक्सलही टिकत नाही.

म्हणून लॉक लावावा तो गाडी थांबवून, चाक घसरण्यापूर्वी. सरळ चालावे, हळू चालावे, अडचण पार होताच लॉक काढावा. लॉक लावून वळू नये. चाक घसरू लागले तर अॅक्सिलरेटर वाढवू नये, कमी करावा. चढावर गाडी उड्या मारू लागली, म्हणजे चाक घसरते-पकडते असे होऊ लागले, तर ताबडतोब पाय काढावा. त्या उड्यांची प्रत्येक खेप म्हणजे एक्सलवर एक हातोडा आहे. क्लच अर्धा दाबून गाडी रेटणेही वाईट. क्लच-प्लेट जळते, आणि क्लच झटक्यात सोडला तर पुन्हा तोच हातोडा.

आमच्या लेथवाल्या कारागीर बंधूंसाठी दोन शब्द. शक्तिमानचे उत्पादन बंद असल्यामुळे त्याचे सुटे भाग जुन्या साठ्यातून, मोडलेल्या गाड्यांतून किंवा लेथवरूनच मिळतात. हाफ-एक्सल साध्या लोखंडाचा बनवून, पाणी न चढवता दिला, तर तो पहिल्याच चढावर पिळला जाईल. पाणी गरजेपेक्षा जास्त चढवले तर काचेसारखा तुटेल. योग्य मिश्र पोलाद आणि योग्य भट्टी, दोन्ही हवे. आणि गिऱ्हाईक म्हणाले, ‘असा बनवा की कधी तुटणार नाही’, तर त्याला समजावावे. हाफ-एक्सल तुटला तर तो बाहेर ओढून नवा घालता येतो. तो न तुटला तर त्याचा जोर क्राउन-पिनियनवर जातो, आणि तो खर्च कितीतरी मोठा. तुटलेला हाफ-एक्सल वेल्ड करून मात्र कधीही देऊ नये.

चढ आणि उतार

अनोळखी वाट आधी पायी चालून पाहावी. ड्रायव्हरने स्वतः पाहावी, क्लीनरला पाठवून भागत नाही. दगड, खड्डा, पाण्याची खोली, परतीची जागा, हे डोळ्यांखालून घालावे. मोठा दगड दोन चाकांच्या मधून घेण्याचा मोह होतो. पण मधे डिफरन्शियलचा गोळा लोंबत असतो, तोच आदळतो. दगडावर चाक चढवावे, गोळा आपोआप उचलला जातो. अवघड जागी बाहेर उभा राहून खूण करणारा माणूस एकच असावा. चौघे चार बाजूंनी ओरडू लागले की ड्रायव्हर कोणाचेच ऐकत नाही.

चाक दगडाला अडकलेले असताना स्टिअरिंग जोराने फिरवू नये, सांधे आणि दांडे वाकतात. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नयेत. जुन्या गाडीत चाकाला बसलेला फटका स्टिअरिंगला उलटा फिरवतो आणि अंगठा मोडतो.

ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे, आणि गिअर उतारापूर्वीच टाकावा. उतारावर क्लच दाबणे किंवा न्यूट्रल करणे म्हणजे गाडी नुसत्या ब्रेकच्या भरवशावर सोडणे. पण इंजिनचा ब्रेक घेतानाही एक मर्यादा आहे. गव्हर्नर डिझेल कमी करू शकतो, परंतु गाडीच इंजिनला ढकलू लागली तर तो काही करू शकत नाही. इंजिन ओरडू लागले तर ब्रेक मारून वेग उतरवावा. असे जास्त फिरलेले इंजिन व्हॉल्व वाकवते, कधी कनेक्टिंग रॉडही मोडते.

चढ अर्ध्यात सुटला, इंजिन बंद पडले, तर गाडी आडवी वळवू नये. भरलेला ट्रक उतारावर आडवा झाला की उलटतो. ब्रेक धरून रिव्हर्स गिअर टाकावा आणि सरळ मागे उतरावे.

हवेच्या ब्रेकच्या गाडीत काट्यावर पुरेसा दाब दिसल्याशिवाय निघू नये. हवेच्या टाक्यांतील पाणी रोज काढावे. पावसाळ्यात हे पाणी पुष्कळ साचते, व्हॉल्व गंजवते आणि हवेची जागा खाते.

चेसीला वाकू द्या

लष्करी ट्रकची चेसी मुद्दाम लवचिक ठेवलेली असते. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे दगडावर असले की चेसी थोडी पिळली जाते, आणि त्यामुळेच चारही चाके जमिनीवर राहतात. लष्करी बॉडीही हा पीळ सोसेल अशी बसवलेली असते.

आपण काय करतो? ती बॉडी काढतो आणि त्या जागी टाकी, बोअरचे यंत्र किंवा क्रेन बसवतो. ती हलू नये म्हणून जागोजागी वेल्ड मारतो. आता चेसीचा वरचा भाग दगडासारखा ताठ झाला आणि कॅबिनच्या मागची थोडी जागा तेवढी मोकळी राहिली. सगळा पीळ त्या थोड्या जागेत जमा होतो. काही महिन्यांनी तिथेच चीर पडते. मिस्त्री त्या चिरेवर पट्टी ठोकतो, ती जागा आणखी ताठ होते आणि चीर पट्टीच्या पुढे सरकते.

उपाय बॉडी बनवणाऱ्याच्या हातात आहे. टाकी किंवा यंत्र चेसीवर थेट न बसवता लांब उपचेसीवर बसवावे. मागच्या बाजूला ती घट्ट बांधावी, पुढच्या बाजूला स्प्रिंग घातलेल्या बोल्टांवर ठेवावी, म्हणजे पीळ आला की पुढची बाजू थोडी उचलली जाते. तीन टेकूंवर बसवण्याची पद्धतही चांगली आहे. चेसीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नये आणि वेल्ड मारू नये. ताण तिथेच सर्वांत जास्त असतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा काढाव्यात, नाहीतर अल्टरनेटर जळतो. टाकीच्या आत आडवे पडदे घालावेत. अर्धी भरलेली टाकी वळणावर गाडीला जेवढा हिसका देते, तेवढा पूर्ण भरलेली देत नाही.

माल भरतानाही जड वस्तू खाली आणि मधोमध ठेवावी. दोर आणि ताडपत्री निघताना बांधली की काम संपले असे नाही. पहिल्या दोन-चार किलोमीटरनंतर माल बसतो आणि दोर सैल होतो. तिथे थांबून पुन्हा आवळावे.

टायर आणि रिंग

वाळूत आणि काळ्या मातीत टायरची हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो आणि गाडी रुतत नाही. हवा किती कमी करावी हे टायरचे माप, वजन आणि वेग यावर ठरते. टायर कंपनीच्या तक्त्यात ते दिलेले असते. हवा कमी असताना वेग कमी ठेवावा, झटक्याने वळू नये, नाहीतर टायर रिंगवरून उतरतो. पक्का रस्ता लागताच हवा परत भरावी. मऊ टायर वेगात धावला की आतून तापतो आणि फुटतो. वाळूत थांबायचे असेल तर ब्रेक मारू नये. गाडी आपोआप थांबू द्यावी, म्हणजे चाकापुढे वाळूचा बांध तयार होत नाही.

डिस्पोजलच्या गाडीचे टायर नक्षी पाहून घेऊ नयेत. गाडी वर्षानुवर्षे डेपोत उभी असते. नक्षी नवी दिसते, पण बाजूच्या रबराला बारीक चिरा पडलेल्या असतात. ज्यांनी मागे जोडचाके बसवली आहेत, त्यांनी दोन टायरमध्ये अडकलेला दगड थांबून काढावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि ती यंत्राची नाही, माणसाची आहे. जुन्या लष्करी चाकांची रिंग अनेक भागांत असते. लॉक रिंग नीट बसली नसेल आणि हवा भरली, तर ती तोफेच्या गोळ्यासारखी उडते. पंक्चरच्या दुकानात अशा रिंगने माणसे मेली आहेत. टायर काढण्यापूर्वी वॉल्वची पिन काढून सगळी हवा सोडावी. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे, पाइप लांब असावा, समोर कोणी उभे राहू नये. हवा असताना रिंगवर हातोडी मारू नये. वाकलेली किंवा गंजलेली रिंग भंगारात टाकावी. शागीर्द पोराला हे काम एकट्याला देऊ नये.

पाण्यातून जाताना

ओढ्यात उतरण्यापूर्वी एक्सलवरचे ब्रीदर तपासावेत. ब्रीदर म्हणजे एक्सलला श्वास घेण्याची नळी. चालून तापलेला एक्सल थंड पाण्यात शिरला की आतील हवा आकसते. ब्रीदर मातीने बंद असेल तर एक्सल ऑइल-सीलमधून पाणी ओढून घेतो. काठावर थोडे थांबून गाडी थंड होऊ द्यावी, हे त्याहून बरे. पाणी पंख्याच्या उंचीचे असेल आणि पंखा पट्ट्यावर चालत असेल, तर पट्टा सैल करावा. नाहीतर पंख्याची पाती पाण्याच्या जोराने वाकून रेडिएटरला भोक पाडतात. पाण्यात हळू आणि एकाच वेगाने चालावे.

मध्येच इंजिन बंद पडले आणि हवेच्या वाटेने पाणी आत गेल्याचा संशय आला, तर स्टार्टर मारू नये. पाणी हवेसारखे दबत नाही. पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढावी, नोझल काढावेत, इंजिन फिरवून पाणी काढावे, मगच पुढचे. बाहेर आल्यावर हळू चालत ब्रेक दाबून सुकवावेत. दुसऱ्या दिवशी एक्सल, गिअरबॉक्स आणि इंजिनचे ऑइल पाहावे. दुधाळ दिसले तर आत पाणी आहे, बदलावे. हा खर्च टाळला तर पुढे बेअरिंगचा खर्च ठरलेला आहे.

रुतलेली गाडी काढताना

सर्वांत जास्त मोडतोड गाडी रुतल्यावर होते, कारण तेव्हा माणसाचा सब्र सुटतो. चाक आणखी फिरवले की गाडी एक्सलवर बसते. आधी फावडे घ्यावे. चाकांपुढची माती काढावी, एक्सलखालची काढावी, दगड-फांद्या घालाव्यात, माल उतरवता येत असेल तर उतरवावा. एक तासाची मजुरी एक्सलपेक्षा स्वस्त आहे.

ओढताना दोर चेसीच्या हुकाला लावावा. बम्परला, पाट्यांना किंवा स्टिअरिंगच्या दांड्याला कधीही नाही. समोर दोन हुक असतील तर दोन्हींना मिळून दोर लावावा, म्हणजे चेसी तिरकी ओढली जात नाही. तारेचा दोर आधी ताणून घ्यावा, मग ओढावे. झटका देऊ नये. तार ताणत नाही, म्हणून झटका थेट हुकावर जातो.

विंचमध्ये बहुधा एक कच्ची पिन असते. जोर जास्त झाला की ती तुटते आणि विंच वाचतो. हीच आपली सैल फणी. पिन वारंवार तुटते म्हणून तिच्या जागी पक्का बोल्ट ठोकणारे मिस्त्री आम्ही पाहिले आहेत. त्यांनी पिनची तक्रार मिटवली आणि गिअरबॉक्सची निर्माण केली. पिन तुटत असेल तर पिन दुबळी नाही, ओझे जास्त आहे. अशा वेळी दोर कप्पीतून फिरवून परत गाडीला बांधावा. ओढ जवळजवळ दुप्पट होते, वेग निम्मा होतो. ढोलावर निदान चार-पाच वेढे शिल्लक ठेवावेत. झाडाला बांधायचे तर तार नव्हे, रुंद पट्टा वापरावा.

ताणलेली तार तुटली तर चाबकासारखी फिरते. तिच्या मध्यावर जुनी जाड ताडपत्री किंवा वाळूची कॅनव्हासची पिशवी टाकावी, तुटल्यास तारेचा जोर बराच मरतो. तरीही तारेच्या लांबीहून दूर उभे राहावे. ताडपत्री ही ढाल नव्हे.

संध्याकाळचा अर्धा तास

फौजेत ही गाडी इतकी वर्षे टिकली ती लोखंडाच्या गुणाने जेवढी, तेवढीच शिस्तीच्या गुणाने. रोजची तपासणी आणि ठरलेल्या दिवशी ग्रीस, यात तिथे सवलत नाही. आपल्याकडे आल्यावर गाडी तीच राहते, शिस्त सुटते. आडरानातून परतल्यावर अर्धा तास द्यावा :

१. चाकांचे नट आवळावेत. काही जुन्या ट्रकांत डाव्या बाजूचे नट उलट्या आट्यांचे असतात. नवा मिस्त्री ते भलतीकडे फिरवून बोल्ट तोडतो.

२. पाट्यांचे यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट पाहावेत. यू-बोल्ट सैल झाला की आधी सेंटर बोल्ट तुटतो, मग एक्सल सरकतो.

३. शाफ्टचे बोल्ट, क्रॉस आणि ग्रीसचे निपल तपासावेत. चिखलात चालल्यावर ग्रीस नवे भरावे, जुने बाहेर येईपर्यंत.

४. एअर फिल्टर झटकावा किंवा धुवावा, जसा असेल तसा. खाणीची धूळ इंजिनचे लायनर खाते.

५. रेडिएटरच्या जाळीतील गवत आणि माती काढावी.

६. ब्रेकच्या ड्रममधील चिखल धुवावा. वाळलेला चिखल लायनिंगला कानशीसारखा घासतो.

७. कॅबिनच्या मागे, यंत्राच्या टेकूंजवळ, चेसीचा रंग उडालेला किंवा गंजाची बारीक रेघ दिसली तर ती चीर आहे असे समजून तपासावे.

बोली लावण्यापूर्वी

लष्कराच्या बाद मालाचे लिलाव आता मोठ्या प्रमाणात एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत ऑनलाइन होतात. बोली लावण्यापूर्वी गाडी प्रत्यक्ष जाऊन पाहावी, सोबत मिस्त्री न्यावा. आरटीओत नोंदणी होईल की नाही हे आधी विचारावे. २०२१ मध्ये जुन्या वाहनांचे भंगार धोरण जाहीर झाल्यापासून नियम बदलत आले आहेत, आणि कागद न झालेली गाडी म्हणजे महाग भंगार. सुटे भाग कुठे मिळतील हेही तेव्हाच पाहावे. दोन हाफ-एक्सल, क्रॉस, यू-बोल्ट आणि विंचच्या पिना गाडीच्या किमतीतच धराव्यात.

आणि शेवटचा हिशेब. एक एक्सल तुटला तर फक्त एक्सलचे पैसे जात नाहीत. गाडी डोंगरात उभी राहते, दुसरी गाडी पाठवावी लागते, कामाचा हंगाम निसटतो, ड्रायव्हर-क्लीनरच्या घरी हप्ता पोहोचत नाही. उलट, वेळेवर दांडा सोडणे, वजन एक टन कमी भरणे, कच्ची पिन कच्चीच ठेवणे, याला पैसे लागत नाहीत. मालकाने ड्रायव्हरला ‘लवकर ये’ म्हणायचे सोडून ‘गाडी नीट आण’ म्हणायला सुरुवात केली, तर निम्मे नुकसान त्याच दिवशी थांबेल.